बुडालेल्या चांदीचा भाव: स्पॅनिश गलबतांमधली नाणी आणि आपण संग्राहक

शिवराईवाला

नमस्कार मंडळी.

मी तांब्याचा माणूस. तीस वर्षं शिवराया गोळा करतोय, त्यातही जीव दुदांडीवर (दोन आडव्या रेघांची शिवराई) जास्त. चांदीच्या वाटेला फारसा गेलो नाही, परदेशी नाण्यांच्या तर नाहीच. पण मार्चमध्ये लेकीकडे अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टॅम्पाला गेलो होतो. तिने हट्टाने 'की वेस्ट' बेटावर नेलं आणि तिथल्या मेल फिशर संग्रहालयात दोन तास काढले. ते अजून डोक्यातून जात नाही. जावई म्हणाले, "बाबा, लिहून काढा, म्हणजे आमची सुटका होईल." म्हणून हा धागा.

काचेमागे एक चांदीची लगड होती. सराफाकडे असते तशी गुळगुळीत नव्हे. कडा ओबडधोबड, गुळाची ढेप घाईत ओतावी तशी. वरच्या अंगाला छिन्नीने कोरलेले रोमन आकडे, शिक्के, आणि एका टोकाला चमच्याने खरवडून काढल्यासारखा खळगा. त्या खळग्याला स्पॅनिश लोक 'बोकादो' म्हणत, म्हणजे घास. कस पाहणारा तेवढी चांदी काढून घ्यायचा, तपासायचा आणि मग लगडीवर कसाचा आकडा ठोकायचा. मी त्या घासाकडेच बघत राहिलो. कुणीतरी चारशे वर्षांपूर्वी, हातात अवजार घेऊन, एवढीच चांदी काढली होती.

गलबताचं नाव 'नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा'. ४ सप्टेंबर १६२२ ला हवानाहून २८ जहाजांचा ताफा निघाला. आपल्याकडे तेव्हा मलिक अंबर हयात होता, यावरून काळाचा अंदाज घ्या. खरं तर निघायला उशीर झालेला, वादळाचा मोसम सुरू झालेला. दोनच दिवसांत चक्रीवादळाने गाठलं. आतोचा हे ताफ्याच्या पिछाडीचं तोफांचं जहाज, म्हणून सगळ्यात मोलाचा माल त्यावर. फ्लोरिडाच्या टोकाच्या बेटांजवळ खडकावर आदळून ते बुडालं. २६५ माणसं होती, वाचली पाच: तीन खलाशी आणि दोन गुलाम. पाण्यावर राहिलेल्या डोलकाठीच्या बुंध्याला धरून.

मालाची यादी वाचताना मला आपल्याकडच्या जमाखर्चाच्या वह्या आठवल्या. चांदीच्या लगडीच हजाराच्या वर, सुमारे २४ टन. सोन्याच्या कांड्या आणि चकत्या १२५. शिवाय तांबं, नीळ, तंबाखूचे गठ्ठे, २० काशाच्या तोफा. आणि जे यादीत नव्हतं ते वेगळंच! सोन्याचांदीवर राजाचा पाचवा हिस्सा, 'किंतो', भरावा लागे. तो चुकवायला लोक काय करत? संग्रहालयात सोन्याच्या लांबच लांब साखळ्या आहेत, साध्या वेढ्यांच्या, कलाकुसर जवळजवळ नाहीच. अंगावरचा दागिना कच्च्या सोन्यात धरला जात नसे, म्हणून सोनं साखळी करून गळ्यात घालायचं आणि लागेल तशी कडी काढून द्यायची, असं तिथे सांगतात. आपल्या आज्यांनी पुतळ्यांची माळ जशी अडीनडीला एकेक पुतळी काढून मोडली, अगदी तसंच.

आता मेल फिशर. आधी कोंबड्या पाळणारा, मग कॅलिफोर्नियात समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या सामानाचं दुकान. १९६९ ते १९८५, सोळा वर्षं हा माणूस आतोचा शोधत होता. रोज सकाळी एकच वाक्य: "आजचा दिवस तो दिवस." शोध सुरुवातीला चुकीच्या जागी चालला होता. युजीन लायन नावाच्या इतिहासकाराने स्पेनमधल्या सेव्हिलच्या दफ्तरखान्यात जुनी स्पॅनिश कागदपत्रं वाचून दाखवून दिलं की बेटं दुसरीच. १९७३ ला काही चांदीच्या लगडी मिळाल्या आणि त्यांवरचे आकडे सेव्हिलच्या मालयादीशी जुळले. म्हणजे जहाज हेच. पण मुख्य ढीग कुठेय? १९७५ च्या जुलैत मुलगा डर्कला काशाच्या तोफा सापडल्या. पुढच्याच आठवड्यात, २० जुलैला, त्यांची बोट रात्री उलटली. डर्क, त्याची बायको आणि एक पाणबुड्या, तिघंही गेले. बरोबर दहा वर्षांनी, २० जुलै १९८५ ला, दुसरा मुलगा केन याच्या बोटीवरून निरोप आला: नकाशे बाजूला ठेवा, ढीग सापडला.

तारीख जुळल्याचं तिथला वाटाड्या सांगत होता तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "आई-बापाला कसलं खजिन्याचं सुख." मी गप्प.

आता मुद्द्याचं. बाहेर दुकानात आतोचाची नाणी विकायला होती. आठ रियालचं (रियाल म्हणजे तेव्हाचं स्पॅनिश चांदीचं चलन) एक नाणं, चार आकडी डॉलर. त्याच टाकसाळीचं, त्याच काळातलं, पण कधीच न बुडालेलं नाणं लिलावात याच्या कितीतरी खाली जातं, आणि दिसायलाही बरं असतं. म्हणजे जास्त खराब नाणं जास्त महाग! शिवराईच्या बाजारात असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून घरी पाठवतील. मग हे लोक नेमके पैसे कशाचे मोजतात? चांदीचे नाहीत. नाण्याचेही नाहीत. माझं मत: कागदाचे. प्रत्येक नाण्याबरोबर फिशर यांच्या सहीचा दाखला येतो, त्यावर नाण्याचा फोटो, वजन, टाकसाळ, प्रत (एक ते चार, चौथी म्हणजे खाऊन पापड झालेलं) आणि क्रमांक. तो कागद हरवला की किंमत धाडकन पडते. नाणं तेच, फक्त गोष्ट सुटली.

आपल्यापैकी कुणाकडे असं नाणं आहे का? घ्यावं का? मी आतोचाचं घेतलं नाही, ऐपतच नव्हती. पण रिकाम्या हातानेही आलो नाही. ते नंतर सांगतो.

---

ताकभात

काका, झकास. पण 'रिकाम्या हातानेही आलो नाही' लिहून थांबणं हा अन्याय आहे. मालिकावाल्यांकडून शिकलात की काय?

---

वाळूतला_पाय (वेरो बीच, फ्लोरिडा)

अहो काका, टॅम्पापर्यंत आलात आणि आमच्याकडे नाही आलात! की वेस्ट सगळेच जातात. खरी गंमत आमच्या बाजूला आहे. आमच्या या पट्ट्याचं नावच 'ट्रेझर कोस्ट'. ३१ जुलै १७१५ ला पहाटे वादळात बारा जहाजांच्या ताफ्यातली अकरा इथे फुटली. वाचलं एकच, फ्रेंच जहाज 'ग्रिफोन'.

पन्नास-साठच्या दशकात किप वॅगनर नावाच्या घरं बांधणाऱ्या माणसाला वादळानंतर किनाऱ्यावर काळ्या चपट्या चकत्या मिळायला लागल्या. त्यातून पुढे 'रिअल एट' नावाची कंपनी निघाली आणि शोधाची लाट आली. वाचलेल्या लोकांनी जिथे तळ ठोकला होता, तिथेच आज सेबॅस्टियन इनलेटपाशी छोटं मॅकलार्टी संग्रहालय आहे. पुढच्या वेळी नक्की.

मी स्वतः सहा वर्षं मेटल डिटेक्टर घेऊन फिरतोय. कायदा असा की किनाऱ्याच्या वरच्या कोरड्या वाळूत चालतं, पण पाण्यात उतरून शोधायला परवाना लागतो. बुडालेल्या जहाजांच्या जागा राज्याने कंत्राटाने दिलेल्या आहेत आणि सापडलेल्यातला साधारण पाचवा हिस्सा राज्य संग्रहालयासाठी ठेवून घेतं. (पाचवा! 'किंतो' काही सुटत नाही.) ईशान्येकडून मोठं वादळ आलं की लाटा वाळूची भिंत कापून टाकतात, आम्ही त्याला 'कट' म्हणतो. त्या सकाळी पन्नास लोक कान लावून चालत असतात. माझी सहा वर्षांची कमाई: असंख्य बाटल्यांची झाकणं, दोन लग्नाच्या अंगठ्या (एक परत दिली, एकीचा मालक सापडला नाही), आणि एक अर्ध्या रियालची काळी कपची. नखापेक्षा थोडी मोठी. उचलली तेव्हा वाटलं शिंपला. वजन हाताला लागलं तेव्हा कळलं.

ती मी विकणार नाही. दाखला नाहीये तिला, पण ती मला सापडली आहे.

---

उत्खनक

लेख छान, पण फिशरच्या कहाणीत एक गोष्ट नेहमी गाळली जाते. ती मी लिहितो, शिव्या घालायच्या तर घाला.

समुद्रतळावरची वाळू काढायला त्यांनी 'मेलबॉक्स' वापरले. बोटीच्या पंख्यावर वाकवलेला मोठा पाइप बसवायचा, पंखा फिरवायचा, पाण्याचा झोत खाली सोडायचा. काही मिनिटांत वाळूत विहिरीएवढा खड्डा. सोनं जड असतं, ते जागेवर राहतं. पण दोरखंड, लाकूड, बिया, चामडं, हाडं, खलाशाची कंगवा-फणी? उडून जातात. आणि कुठली वस्तू कशाशेजारी होती हेही जातं. आमच्या कामात ते 'शेजारी' म्हणजेच सगळं काही. हजार नाणी एका पेटीत होती की दहा माणसांच्या कमरेला बांधलेली होती, हे आता आतोचाच्या बऱ्याच नाण्यांबद्दल कुणी सांगू शकणार नाही.

नंतर माल गुंतवणूकदारांत वाटला गेला. काही संग्रहालयात, बाकी जगभरच्या कपाटांत आणि गळ्यांत. काका म्हणतात ती 'गोष्ट' त्या कागदावर नाही. कागदावर फक्त जहाजाचं नाव आहे.

---

शिवराईवाला

उत्खनक, शिव्या कशाला, तुमचं खरं आहे. पण एक सांगा. १९६९ ला कुठलं सरकार तिथे शोधायला जाणार होतं? फ्लोरिडा राज्याने तर उलट खटले घातले, प्रकरण १९८२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि राज्य हरलं. ढीग वाळूखाली पडून राहिला असता, तर आज या धाग्यावर आपण शिवराईबद्दलच बोलत असतो.

आणि स्पॅनिशांनी स्वतःही शोध घेतला होता. १६२६ मध्ये नुन्येस मेलियान नावाच्या माणसाने तांब्याची ओतलेली मोठी घंटा पाण्यात सोडून, तिच्यातल्या हवेवर पाणबुडे उतरवून, आतोचाची जोडीदार 'सांता मार्गारिता' शोधून काढली. आत खिडकी होती म्हणे घंटेला. सापडवणारा पाणबुड्या गुलाम होता. आतोचा मात्र त्यांनाही सापडली नाही.

---

हुपरीकर

आमचं गाव चांदीचं, म्हणून चांदीबद्दल दोन गोष्टी.

समुद्रात सोनं जसंच्या तसं निघतं, हे सगळ्यांना माहीत आहे. चांदी मरते. खाऱ्या पाण्यात वरून क्लोराइड धरतं, आणि तळाच्या गाळात सडणाऱ्या गोष्टींमुळे गंधक असेल तर सल्फाइड होतं, काळं ठिक्कर. म्हणून बुडालेल्या पेटीतल्या नाण्यांचा गोळा होतो, एकमेकांना चिकटलेला दगड. बाहेरच्या थरातली नाणी स्वतः खाल्ली जातात, मधली जवळजवळ नवी राहतात. एकाच पेटीतून पहिली प्रत आणि चौथी प्रत निघते ती यामुळे. मधल्याचं भाग्य बाहेरच्याने भरलेलं असतं.

साफ करायला ते सोड्याच्या द्रावणात नाणं ऋण टोकाला जोडून हळूहळू वीज सोडतात. काळ्याची परत चांदी होते, थोडी तरी. मग आठवडेच्या आठवडे गोड्या पाण्यात धुणं, मीठ निघेपर्यंत. मीठ आत राहिलं तर कपाटातही नाणं खात राहतं.

आणि घरी चोळू नका. कुणीही. दंतमंजन, चिंच, राख, काही नाही. ते काळं म्हणजे घाण नव्हे, नाण्याचं कातडं आहे.

आता नकलीबद्दल, कारण मुंबईत आणि ऑनलाइन ढिगाने फिरतात. ही जुनी नाणी गोल नसतात, का? कारण टाकसाळीत चांदीची पट्टी करून छिन्नीने तुकडे पाडायचे, मग कात्रीने कडा कातरत वजन बरोबर करायचं, आणि खाली-वर ठसा ठेवून हातोड्याचा घाव. आकार कुणाला हवा होता? आठ रियालचं वजन २७ ग्रॅम भरलं की झालं, म्हणजे आपले सव्वादोन तोळे आणि वर थोडं. युरोपात जाऊन बरीचशी वितळणारच होती. त्यामुळे दोन नाण्यांचा आकार कधीच सारखा येत नाही. तुम्हाला कुणी दोन दाखवली आणि दोन्हीचा एक कोपरा सारखाच तुटलेला असेल, तर नमस्कार करून उठा. साच्यात ओतलेली आहेत. काठावर जोडरेषा आणि भिंगातून बारीक बुडबुडे दिसतील.

आणखी एक. बाजारात 'आतोचाच्या चांदीचं' म्हणून चकचकीत नाणं मिळतं. ते लबाडीचं असेलच असं नाही. लगडीतली चांदी वितळवून आजच पाडलेली प्रतिकृती असते. पण ते नाणं १६२२ चं नाही. नीट वाचा.

---

ताकभात

'मधल्याचं भाग्य बाहेरच्याने भरलेलं असतं.' हुपरीकर, हे तुम्ही एकत्र कुटुंबाबद्दल बोलताय का?

---

मांडवीकाठ

कुणी पाचूंबद्दल बोललं नाही म्हणून आले. आतोचावर पाचूही सापडले, कच्चे, मुसोच्या खाणीतले, म्हणजे आजच्या कोलंबियातले. यादीत नव्हते, चोरून नेत होते.

हेच पाचू त्या काळात गोव्यात यायचे. स्पेनमार्गे, लिस्बनमार्गे, पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडून मुघल दरबारापर्यंत. आपण संग्रहालयात ज्या कोरीव मुघल पाचूंसमोर 'वा' म्हणतो, त्यातले बरेच दक्षिण अमेरिकेचे. जुन्या जवाहिऱ्यांचा समज होता की ते हरवलेल्या पौर्वात्य खाणींचे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) खाण ओळखली, त्यात आतोचाचा पाचू होता आणि निजामाच्या खजिन्यातलेही होते. निजामाचे काही कोलंबियाचे निघाले! एकाच डोंगरातले दोन खडे: एक फ्लोरिडाच्या वाळूत, एक हैदराबादच्या तिजोरीत.

शिवाय उत्खनकांना विचारते, आमच्या सुंची रीफबद्दल का लिहीत नाही? आमच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी गोव्याजवळ सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, मार्तबानी रांजणांचे तुकडे, चिनी मातीची भांडी, तोफा. सोनंनाणं नाही म्हणून कुणी बातमी केली नाही.

---

उत्खनक

मांडवीकाठ, धन्यवाद, बरोबर तेच उदाहरण हवं होतं. पाणघोड्याच्या दातावरून जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागून आलं हे कळतं. नाण्याने ते कळलं नसतं. आणि तो दात कुणाच्या गळ्यात नाही.

---

बेलापूरचा_पक्षी

कायद्याचा प्रश्न. समजा कुणी बुडालेलं स्पॅनिश जहाज शोधलं. माल कुणाचा? शोधणाऱ्याचा, ज्याच्या समुद्रात सापडलं त्याचा, की स्पेनचा?

---

उत्खनक

थोडं लांबेल.

२००७ ला ओडिसी मरीन एक्स्प्लोरेशन या कंपनीने पोर्तुगालजवळच्या समुद्रातून सुमारे १७ टन नाणी काढली, जवळपास ५ लाख ९४ हजार, आणि जिब्राल्टरहून विमानाने फ्लोरिडात नेली. जहाजाचं नाव सांगितलं नाही, 'ब्लॅक स्वॉन' म्हटलं. स्पेन म्हणालं, ही तर आमची 'मर्सेदेस', १८०४ च्या ५ ऑक्टोबरला ब्रिटिशांनी हल्ला केला तेव्हा उडालेली. शांततेच्या काळात झालेला हल्ला तो. दियेगो दे आल्व्हेआर नावाचा अधिकारी दुसऱ्या जहाजावर होता, आणि त्याची बायको व सात मुलं मर्सेदेसवर. त्याने ते डोळ्यांनी पाहिलं.

अमेरिकन न्यायालयाने निकाल दिला की मर्सेदेस हे स्पेनचं युद्धनौकेच्या दर्जाचं जहाज, त्यामुळे त्यावर इथल्या न्यायालयाचा अधिकारच चालत नाही, माल परत करा. फेब्रुवारी २०१२ ला स्पेनच्या वायुदलाची दोन हर्क्युलिस विमानं आली आणि नाणी घेऊन गेली. आज ती स्पेनमधल्या कार्ताहेनाच्या संग्रहालयात आहेत, तीही विक्रीला नाहीत. त्याआधी, २००१ मध्ये, युनेस्कोचा करार झाला होता: शंभर वर्षांहून जास्त काळ पाण्याखाली असलेल्या वारशाचा व्यापार नको. स्पेनने तो मान्य केला आहे, अमेरिकेने नाही.

पण इथे स्पेनला टाळ्या वाजवायची मला घाई नाही. मर्सेदेसच्या नाण्यांवर पेरूनेही दावा सांगितला होता, कारण बरीच चांदी लिमात पाडलेली. न्यायालयाने तो मानला नाही. आतोचाची बहुतेक नाणी पोटोसीची, आज बोलिव्हियात. १५४५ ला तिथला चांदीचा डोंगर सापडला, आणि १५७० च्या दशकापासून 'मिता' नावाची वेठ लागली: दूरदूरच्या गावांतल्या प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा आळीपाळीने खाणीत. वर चांदी काढायला पाऱ्याचा वापर, तो पेरूतल्या हुआंकाव्हेलिकाच्या खाणीतून, तिथले कामगार पाऱ्याने मरत. काकांनी पाहिलेल्या लगडीतला तो 'घास' कुणाच्या ताटातला होता, एवढं लक्षात असू द्या.

१७०८ च्या 'सान होसे'चं भांडण तर अजून चालू आहे. कोलंबियाच्या कार्ताहेनाजवळ सुमारे सहाशे माणसांसह बुडालेलं जहाज. २०१५ मध्ये सापडल्याचं जाहीर झालं. स्पेन, कोलंबिया, एक अमेरिकन कंपनी, आणि बोलिव्हियाचा कारा-कारा समाज, सगळ्यांचं म्हणणं आहे. मला विचाराल तर सर्वांत ऐकण्यासारखं शेवटच्यांचं.

(आणि आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे. शंभर वर्षं ओलांडलेलं नाणं खाजगी माणूस देशाबाहेर नेऊ शकत नाही. भेट म्हणून जावयाला धाडू नका, अडकाल.)

---

वाळूतला_पाय

माल कुणाचा या प्रश्नाला आमच्याकडचा ताजा दाखला. २०१५ च्या उन्हाळ्यात १७१५ च्या जहाजांवर काम करणाऱ्या परवानाधारकांना १०१ सोन्याची नाणी मिळाली. अर्धीच जाहीर केली. उरलेल्या पन्नासपैकी ३७ राज्याच्या वन्यजीव खात्याने आणि एफबीआयने २०२४ ला शोधून काढली. काही बँकेच्या लॉकरमध्ये, काही लिलावात पोचलेली. आणि कहर म्हणजे त्यातली तीन नाणी २०१६ ला समुद्रतळावर परत पेरली होती, नव्या गुंतवणूकदारांना 'सापडावीत' म्हणून!

मला राग चोरीचा कमी, पेरण्याचा जास्त आला. आम्ही इथे सहा-सहा वर्षं झाकणं वेचतो.

---

सुरतवाली_बखर

उशिरा आले. रियाल आपल्याकडेही येत होते, ढिगाने. इंग्रज आणि डच व्यापारी सुरतेला मालाच्या बदल्यात रियाल आणायचे, पण मुघल मुलखात परकी नाणं चालत नसे. टाकसाळीत द्यायचं, वितळवायचं, रुपये पाडून घ्यायचे, टाकसाळीची कटौती सोसायची. आठ रियालच्या एका नाण्यात दोन रुपये आणि वर काही. म्हणून आपल्याकडे जुने रियाल फारसे सापडत नाहीत. आहेत, पण शाहजहान आणि औरंगजेबाच्या रुपयांच्या पोटात.

शिवराईवाले, तुमच्या चांदीच्या डब्यात एखादा सुरती रुपया असेलच. पोटोसी तुमच्या घरी आधीच येऊन बसलं असेल.

---

शिवराईवाला

सुरतवाली बखर, हे वाचून उठलो आणि डबा काढला. आहे, सुरतेचाच, औरंगजेबाचा. चाळीस वर्षं घरात आहे, कधी या अंगाने पाहिलंच नव्हतं.

आता माझी कबुली. मी दोन रियालचं एक नाणं आणलं. आतोचाचं नाही, 'एल काझादोर'चं. मेक्सिकोच्या व्हेराक्रुझहून न्यू ऑर्लीन्सला चांदी घेऊन निघालेलं जहाज. लुईझियानात कागदी पैशाची पत उतरली होती, ती सावरायला साडेचार लाख पेसो (आठ रियालचा एक पेसो). जानेवारी १७८४ ला निघालं ते पोचलंच नाही. कसं बुडालं कुणाला ठाऊक नाही. आपल्याकडे महादजींची दिल्लीकडे वाटचाल चालू होती तेव्हा. २ ऑगस्ट १९९३ ला मेक्सिकोच्या आखातात एका मासेमारी बोटीचं जाळं कशात तरी अडकलं. वर ओढलं तर माशांऐवजी चांदी. आणि त्या बोटीचं नाव 'मिस्टेक'! घडवून आणलेलं नाही, खरंच. नाणी इतकी निघाली की आमच्यासारख्या निवृत्ताला परवडेल असं बुडालेलं नाणं म्हणजे हेच. उत्खनक, मेलबॉक्स नाही, जाळं. थोडं पाप कमी धरा.

नाणं यंत्राने पाडलेलं, गोल. एका बाजूला तिसऱ्या कार्लोसचा मुखवटा, नाक जाडजूड, १७८३. दुसऱ्या बाजूला मुकुटाखाली ढाल, दोन्हीकडे हर्क्युलिसचे खांब. काठाने अक्षरं. भिंग लावून एकेक जुळवली: 'हिस्पान एत इंड रेक्स'. स्पेन आणि 'इंड'चा राजा. म्हणजे अमेरिका! कोलंबसाची चूक झाल्याला तेव्हा तीनशे वर्षं होत आली होती, तरी नाण्यावर तशीच. मी साताऱ्यात बसून 'इंड'चा राजा हातात धरलाय आणि मला हसू आवरेना. हेच दोन रियालचं नाणं अमेरिकेत पाव डॉलर म्हणून १८५७ पर्यंत कायदेशीर चालत होतं. पाव डॉलरला तिथे अजून 'टू बिट्स' म्हणतात ते यावरूनच.

तेव्हा माझा आधीचा मुद्दा थोडा मागे घेतो. पैसे फक्त कागदाचे नाहीत. त्या 'इंड'चेही होते.

---

हुपरीकर

काका, नाणं कसं दिसतंय? काळं ठेवलंय ना? फोटो टाका.

---

शिवराईवाला

काळं *होतं*.

दिवाळीत आईने (वय ८६) लक्ष्मीपूजनासाठी चांदीचा डबा मागितला. मी दिला. हे त्यात आहे हे विसरलो. आमच्याकडे पूजेचं नाणं रांगोळीने घासतात.

---

हुपरीकर

अरे देवा.

---

उत्खनक

वजन करा. आणताना किती होतं?

---

शिवराईवाला

दाखल्यावर ६.४१ ग्रॅम. आत्ता सराफाच्या काट्यावर केलं, ६.३८. आईला सांगितलं की तीन सेंटिग्रॅम इतिहास गेला. ती म्हणाली, "राजाचं नाक तरी दिसायला लागलं."

फोटो उद्या टाकतो.